भावोजी म्हणतात १२० वर्षं जगणार, ही चिनी 'आतली किमया' काय भानगड आहे?

म्हापशेकार:

नमस्कार मंडळी. विषय जरा विचित्र आहे, हसायचं असेल तर आधी हसून घ्या आणि मग उत्तर द्या.

माझे भावोजी, वय ६३, रिटायर, घर गोव्यात मांद्रेला. सीझनला मागच्या दोन खोल्या विदेशी लोकांना भाड्याने देतात. गेली तीन वर्षं एक गुरुजी (गोरे आहेत, चीनमधे राहून शिकलो म्हणतात) नोव्हेंबर ते जानेवारी त्यांच्याकडेच उतरतात आणि हरमलला क्लास घेतात. आधी ताई ची, मग ची कुंग (श्वास आणि हालचालीचे चिनी व्यायाम), आणि ज्यांना 'पुढचं' पाहिजे त्यांना आतली किमया, सात दिवसांचा कोर्स. भावोजी भाड्यात सूट देतात म्हणून त्यांना क्लास फुकट, आणि फुकट म्हटल्यावर आमचे भावोजी कशाला सोडतायत.

आता परिस्थिती अशी की पहाटे चारला उठून बाल्कांवात बसतात, जीभ टाळूला लावून. ताईने चहा विचारला तर बोलत नाहीत, नुसता हात हलवतात. तोंडात लाळ साठली की तीन घोटांत गिळतात आणि प्रत्येक घोटाचा असा आवाज होतो की पायरीवर झोपलेला कुत्रा मान वर करून बघतो. विचारलं तर म्हणतात हे अमृत आहे, बेंबीखाली भट्टी पेटलीय, खालचं पाणी पाठीतून वर चढवायचं असतं. रात्रीचं नुस्तें (मासे) सोडलं. नुस्तें! मांद्रेत राहून! आणि येईल त्याला सांगतात मी १२० वर्षं जगणार.

इथपर्यंत ठीक होतं हो, कोणाला काय नाद कोणाला काय. पण जाताना गुरुजींनी एक छोटी काचेची बाटली दिली, होमिओपॅथीची असते तेवढी, आत विटकरी लाल भुकटी, भट्टी पेटती ठेवायला म्हणून. पैसे किती घेतले ते ताईलासुद्धा सांगत नाहीत. रोज चिमूटभर मधातून घेतात, दीड महिना झाला. मी बाटली हातात घेतली तर एवढीशी बाटली पण शिशाचा गोळा धरल्यासारखी जड. ताई म्हणते ओठांभोवती मुंग्या येतात असं ते स्वतःच बोलले, पण खुशीत, म्हणे 'ची' (प्राणशक्ती) चालायला लागली.

तर मला कोणी सांगेल का की हा प्रकार खरा कसला, आपल्या कुंडलिनीसारखाच आहे की वेगळा, आणि त्या भुकटीचं काय करू. थेट बोललो तर ते माझं ऐकणार नाहीत, मी अकाउंट्समधला माणूस, धाकटा मेव्हणा.

रापणकार:

१२० वर्षं जगून करणार काय पात्रांव, पेन्शन पुरेल काय ते आधी विचार 😄 आणि रात्रीचं नुस्तें सोडलं तर सकाळचं आहे ना, मग बरं.

फोंडा_फार्मसी:

विनोद नंतर. म्हापशेकार, ती भुकटी आजपासून बंद. आज म्हणजे आज.

मी २२ वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे. विटकरी लाल आणि आकाराच्या मानाने प्रचंड जड म्हणालास तिथेच मला शंका आली. चिनी किमयेतला मुख्य पदार्थ हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक एकत्र, तो पाण्याच्या आठपट जड असतो. शेंदूरही लाल आणि तसाच जड, त्यात शिसं. नुसत्या डोळ्यांनी बघून कुठलं ते सांगता येत नाही, म्हणून पारा आणि शिसं दोन्ही तपासायला सांग.

आता नीट वाच. पाऱ्याची बाधा हळूहळू होते तेव्हा दिसणाऱ्या गोष्टी: हाताला बारीक कंप, मुंग्या, हिरड्या सुजून दुखणं, झोप उडणं, चिडचिड, आणि तोंडाला जास्त लाळ सुटणं. हो, लाळ. तुझे भावोजी जे अमृत म्हणून गिळतायत ते काय आहे हे मला इथून सांगता येणार नाही, पण मी त्यांच्या जागी असतो तर पहाटे चारला बाल्कांवात न बसता सकाळी नऊला डॉक्टरकडे बसलो असतो. किडनी बघायची, क्रिएटिनिन, आणि पाऱ्यासाठी २४ तासांची लघवी. नुसत्या रक्तावर जाऊ नका, आपण मासे खाणारे लोक, माशातला पारा रक्तात दिसतोच आणि मग गोंधळ होतो. बांबोळीला सरकारी हॉस्पिटलात दाखवलंत तरी चालेल, बाटली सोबत न्या.

आणि कोणी मला रसशास्त्र शिकवायला येण्याआधीच सांगतो, आपल्याकडेही हिंगूळ वापरतात हे माहीत आहे. त्याला शोधन आहे, मात्रा आहे, समोर वैद्य आहे. जाताना हातात बाटली देऊन विमान पकडणारा माणूस म्हणजे वैद्य नव्हे.

मानशेकार:

वरच्यांच्या प्रत्येक शब्दाशी सहमत. मी दिवाडीचा, अकरा वर्षं हे करतोय (बसतो, गिळत काही नाही), तर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

या विद्येचं चिनी नाव नेईदान. नेई म्हणजे आतलं. दान म्हणजे आपलं दानधर्मातलं दान नव्हे, दान म्हणजे हिंगूळच! त्यावरून मग त्यापासून केलेली अमरत्वाची गोळी. आणि गंमत बघ, याची थोरली बहीण होती वायदान, बाहेरची किमया. त्यात खरोखर भट्टी, खरोखर मूस, हिंगूळ तापवून पारा काढायचा, परत गंधकात घालून लाल करायचा, परत काढायचा. लाल माती तापवली की पांढरी चमकती धातू पळते आणि परत लाल होऊन बसते, हे बघणाऱ्याला वाटणारच की यात मरण उलटं फिरवायची किल्ली आहे. चौथ्या शतकात गे होंग नावाच्या विद्वानाने अशा गोळ्यांच्या कृती सविस्तर लिहून ठेवल्या. बंदुकीची दारूसुद्धा नवव्या शतकाच्या आसपास याच लोकांच्या हातून सापडली, अमर व्हायचं औषध शोधताना, आता याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

आणि या गोळ्या खाऊन माणसं मेली, तीही साधीसुधी नव्हे. तांग घराण्यात एका नवव्या शतकातच मुचोंग ८२४ साली गेला, वुचोंग ८४६, श्वानचोंग ८५९, हे तिघे सम्राट आणि तिघांच्याही मरणामागे या गोळ्या होत्या असं मानतात. त्यांच्या आधी हजार वर्षं पहिला चिनी सम्राट छिन श्र हुआंग, त्याने अमरत्वाचं औषध आणायला शू फू नावाच्या माणसाला हजारो मुलामुलींसकट जहाजांतून समुद्रात पाठवलं, तो माणूस परत आलाच नाही (शहाणा असणार), आणि सम्राट इ.स.पू. २१० मधे वयाच्या पन्नाशीच्या आत गेला.

म्हणून किमया आत वळली. एका दिवसात नाही, दोन्ही बराच काळ बरोबरीने चालल्या, पण साधारण तांगच्या शेवटापासून सोंग काळापर्यंत भाषा तीच राहिली आणि वस्तू बदलल्या. भट्टी म्हणजे बेंबीखालचं पोट, भाता म्हणजे श्वास, शिसं आणि पारा म्हणजे तुझ्या आतल्याच दोन गोष्टी. जांग बोदुआन म्हणून एक मोठा माणूस झाला, त्याने १०७५ च्या सुमाराला पद्यात सगळं मांडलं आणि त्यात झाडपाला नि खनिजं शिजवत बसणाऱ्यांना चांगलंच झापलंय, की अरे खरं औषध तुझ्याच घरी आहे, बाहेर काय हुडकतोस.

म्हणजे तुझ्या भावोजींच्या गुरुजींनी काय केलं बघ. जी बाटली फेकून देऊन ही विद्या जन्माला आली तीच बाटली विद्येसोबत विकली. राग येतो मरे.

बाकीचं जेवून लिहितो.

म्हापशेकार:

फोंडा_फार्मसी, मानशेकार, देव बरें करूं. ताईला फोन केला. हिरड्यांचं विचारलं तर म्हणाली ब्रश करताना रक्त येतं म्हणून गेल्या आठवड्यात टूथपेस्ट बदलली!! बाटली तिने उचलून ठेवलीय, भावोजी घरभर शोधतायत. उद्या जातो मी तिकडे.

मानशेकार, तुमचं पुढचं लिहाच, कारण भावोजींना 'हे सगळं थोतांड आहे' म्हटलं तर ते माझ्याशी बोलायचेच बंद होतील. 'तुमच्याच शास्त्रात लिहिलंय' असं सांगता आलं तर बरं.

सांजवेळ_मडगाव:

मी त्याच किंवा तसल्याच क्लासला दोन वर्षांपूर्वी दोन दिवस गेले होते मैत्रिणीसोबत. पुरुषांना बेंबीखाली लक्ष ठेवा सांगितलं, आम्हा बायकांना छातीच्या मधोमध. ते ठीक. दुसऱ्या दिवशी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की बायकांची पहिली पायरी म्हणजे 'लाल नाग मारणं', म्हणजे पाळी बंद करणं, सहा महिन्यांत होईल. माझी मैत्रीण ३१ वर्षांची, मूल पाहिजे म्हणून डॉक्टरकडे खेपा घालणारी. आम्ही चपला घातल्या आणि आलो. हे खरंच त्यांच्या शास्त्रात आहे की त्या माणसाच्या मनाचं?

मानशेकार:

सांजवेळ ताई, शास्त्रात आहे. स्त्रियांची वेगळी शाखा आहे आणि तिच्या ग्रंथांत 'लाल ड्रॅगनचा शिरच्छेद' अशाच नावाने ते येतं, बहुतेक ग्रंथ मागाहूनचे, छिंग घराण्याच्या काळातले (१६४४ ते १९१२). समजूत अशी की पुरुषाची मूळ शक्ती वीर्यातून गळते आणि बाईची रक्तातून, गळती थांबव म्हणजे साठा वाढेल. पण ते मठात राहणाऱ्या, संसार संपवलेल्या बायकांसाठी, वर्षानुवर्षांच्या देखरेखीखाली. ३१ वर्षांच्या पोरीला समुद्रावर दुसऱ्या दिवशी सांगायची गोष्ट नव्हे. तुम्ही चपला घातल्या ते उत्तम केलं. पाळी आपोआप थांबली तर डॉक्टरकडे जायचं, पेढे वाटायचे नाहीत.

पुरुषांचंही तसंच. चिंग म्हणजे वीर्य असं धरून आपल्याकडच्या आखाड्यांसारखं नुसतं दाबून बसतात आणि डोकं तापवून घेतात. ग्रंथ सांगतात की दिसणारं वीर्य हे मागाहूनचं, खरं चिंग जन्माआधीपासूनचं, आईबापांकडून आलेली पुंजी. ती घालवायची नाही, बस.

आता मूळ विषय. तीन रत्नं: चिंग, ची, शन. चिंग म्हणजे ही पुंजी, ची म्हणजे श्वास-प्राण, शन म्हणजे मन-चैतन्य. चिंग शिजवून ची, ची शिजवून शन, आणि शन शिजवून शून्यात परत. दिशा बघा. साधं आयुष्य वरून खाली वाहतं, शून्यातून मन, मनातून प्राण, प्राणातून शरीर, शरीरातून पोरंबाळं आणि मग मरण. हे लोक म्हणतात उलटं चढा. सगळ्या विद्येचं मर्म या एका उलटेपणात आहे. ई-चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाच्या चिन्हांत पाणी म्हणजे दोन तुटक रेघांमधे एक सलग, आग म्हणजे दोन सलग रेघांमधे एक तुटक. आग नेहमी वर जाते पाणी खाली, म्हणून दोघं कधी भेटत नाहीत आणि माणूस वाळत जातो. तर आग खाली घाला, पाणी वर ठेवा, म्हणजे शिजेल. चुलीवर टोप ठेवण्याइतकी साधी गोष्ट. आग म्हणजे काय, तर सारखं इकडेतिकडे पळणारं मन. ते बेंबीखाली आणून बसवायचं. झालं.

तुमच्या भावोजींचं 'पाणी पाठीतून वर' म्हणजे छोटी प्रदक्षिणा. शेपटीच्या हाडापासून कण्यातून वर, डोक्यावरून, टाळूला लावलेल्या जिभेच्या पुलावरून खाली, छातीतून परत पोटात. पाठीवर तीन नाकी आहेत, कमरेखाली, दोन खांद्यांच्या मधे, आणि मानेच्या वर कवटीपाशी, तिथे अडतं म्हणतात. बीजिंगच्या पांढऱ्या ढगांच्या मंदिरात (पाइयुन क्वान) १८८६ मधे दगडावर कोरलेलं एक चित्र आहे, माणसाचं धड बाजूने कापल्यासारखं, आणि आत आतडी-काळीज काही नाही, डोंगर आहेत, एक बैल नांगर ओढतोय, आणि तळाला एक मुलगा एक मुलगी पायाने रहाट फिरवून पाणी वर चढवतायत. मला ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमचं खाजनच (खाडीकाठची बांध घातलेली शेती) दिसलं. बेंबीखालच्या जागेला ते दानत्येन म्हणतात, त्येन म्हणजे शेत!

आमच्या दिवाडीच्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. मानशीचं, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या पाणवाटेचं दार कसं असतं, भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप लागतं, ओहोटीला आपोआप उघडतं. कोणी ढकलत नाही. माझे आजोबा म्हणायचे दार ढकलणारा मानशेकार कामाचा नाही, दारात अडकलेला काडीकचरा काढणारा कामाचा. मी पहिली तीन वर्षं जोर लावून पाणी पाठीत चढवत होतो आणि मिळालं काय, तर डोकेदुखी आणि रात्रभर टक्क जागा. चिनी लोक यालाच 'आग पळाली, भूत शिरलं' अशा अर्थाचं नाव देतात, आणि अमेरिकन मानसोपचाराच्या १९९४ च्या आजारांच्या पुस्तकात ची कुंगने डोकं फिरणं अशी वेगळी नोंदसुद्धा होती. मग सोडलं. आता नुसतं बेंबीखाली लक्ष ठेवून बसतो, श्वास त्याचा तो लांब होतो, पोडेराचा (पाववाल्याचा) भोंपो वाजला की उठतो. कधी पोटात ऊब येते, ताज्या उंड्यावर (पावावर) तळहात ठेवल्यासारखी. बहुतेक दिवशी काहीच येत नाही.

सत्तरीचो_भट्टीकार:

मला चीन-बिन काय कळत नाही पण भट्टी पेटती ठेवणं वाचून लिहावंसं वाटलं. आमची काजूची (फेणीची) भट्टी आहे, आजोपासून. भट्टी पेटवायला कायपण अक्कल लागत नाही, कोणीपण पेटवतो. अक्कल लागते ती आग कमी करायला. भानाखाली (मडक्याखाली) आग जास्त झाली की आतला रस उकळून थेट लावणीत (दारू जमते त्या भांड्यात) येतो आणि सगळा घाणा वाया, वास मारतो. कमी झाली की वाफच होत नाही. बाबा नुसता आवाज ऐकून सांगायचा, लाकूड ओढ. हे कोणी पुस्तकात लिहून ठेवलेलं नाही आणि लिहिलं तरी उपयोग नाही. त्यामुळे सात दिवसांत आग शिकवणारा माणूस मला पहिल्यापासूनच फट्टींग वाटतो.

मानशेकार:

भट्टीकार बाब, तुम्हाला माहीत नाही तुम्ही काय लिहून गेलात. त्यांच्यात अगदी हेच वचन आहे की औषध सांगतात, आग सांगत नाहीत. मंद आग आणि तेज आग असे दोन शब्दच आहेत, आणि कधी कुठली ते फक्त गुरूसमोर बसून. हिशेब सांगतात तो असा: शंभर दिवस पाया घालायला, दहा महिने गर्भ धरायला (आत एक अमर बाळ वाढतं असं रूपक आहे), तीन वर्षं दूध पाजायला आणि नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून. सात दिवस कुठेच नाहीत.

वारकरी_सांखळी:

कुंडलिनीचं विचारलंय म्हणून लिहितो, बाकी चिनी भागात माझी गती नाही.

ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढा. कुंकवाने न्हालेलं नागाचं पिल्लू वेटोळं घालून निजलंय, ते जागं होतं, भुकेलेलं असतं, देहातलं मांस-पाणी सगळं खाऊन टाकतं, मग वरून चंद्रामृताचं तळं कलंडतं आणि देह नवा होतो, जुनी कातडी जाते, नवे दात, नवी नखं. माउली त्याला एका ओळीत म्हणतात, 'पिंडें पिंडाचा ग्रासु', आणि हा नाथांचा संकेत आहे हेही तिथेच सांगतात. गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव अशी ती परंपरा. तेव्हा बेंबीपाशी अग्नी, टाळूपाशी अमृत, जीभ वर, उलटी वाट, हे सगळं आपल्याकडे शके १२१२ मधे मराठीत लिहिलेलं आहे. कोणी कोणाकडून घेतलं यात मी पडत नाही. फरक एवढाच दिसतो की आपली शक्ती वर जाऊन वरच विरते, आणि मानशेकारांनी लिहिलंय त्यावरून त्यांची फिरून परत पोटात येते.

पण १२० वर्षांचं म्हणाल तर आपल्याकडे चांगदेव होऊन गेले की, १४०० वर्षांचे! मरण आलं की समाधी लावून काळाला चुकवायचे असं सांगतात. त्यांनी ज्ञानदेवांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यातच अडकले. पोरगा वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं तर ज्ञानाने मोठा, 'तीर्थरूप' लिहावं तर वयाने नातवंडापेक्षा लहान. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई हसली, म्हणाली चौदाशे वर्षं जगून कोरा तो कोराच. आता जो स्वतः खरोखरचा चिरंजीव त्याला चिरंजीव लिहायचं की नाही ते कळेना, ही गोष्ट मी कीर्तनात सांगतो तेव्हा लोक हसतात, आणि पुढच्या रांगेतले म्हातारे जरा कमी हसतात.

रापणकार:

ते २५६ वर्षं जगलेल्या चिनी बाबाचं काय मग? माझ्या फॅमिली ग्रुपवर महिन्यातून एकदा येतं, कासवासारखं बस, कबुतरासारखं चाल, कुत्र्यासारखं झोप. आमचा कुत्रा दिवसभर झोपतो, १२ वर्षांत गेला.

फोंडा_फार्मसी:

ली चिंग-युन, १९३३ मधे वारला. त्याच्या जन्माची सालंच दोन सांगतात, १६७७ आणि १७३६. एका माणसाच्या जन्मतारखेत ५९ वर्षांचा फरक असेल तर माझ्या दुकानात सिनियर सिटिझनची सवलतसुद्धा मिळणार नाही. कागदोपत्री सिद्ध झालेलं सगळ्यात लांब आयुष्य फ्रान्सच्या जान काल्मांचं, १२२ वर्षं, १९९७ मधे गेल्या, आणि त्या बाई शंभरी ओलांडल्यावरही सिगारेट ओढत होत्या.

खरं सांगू तर ताई ची वाईट नाही. म्हाताऱ्या माणसांचं तोल जाऊन पडणं त्याने कमी होतं हे अभ्यासांत दिसलंय, आणि या वयात एकदा खुब्याचं हाड मोडलं की काय होतं ते मी रोज बघतो. संथ श्वासाने प्रेशरही थोडं उतरतं. तेवढं घ्यावं.

मानशेकार:

म्हापशेकार, भावोजींना सांगायला तुला दोन गोष्टी देतो.

एक. आज चीनमधे जो मोठा संन्यासी पंथ आहे, छ्वानचन, त्याचा संस्थापक वांग चोंगयांग. जन्म १११३, मृत्यू ११७०. कर हिशेब, तू अकाउंट्सवाला. सत्तावन्न! भावोजी आत्ताच त्याच्या पुढे गेलेत. त्याच्या सात शिष्यांत एक बाई होती, सुन बुअर, ती ६३ व्या वर्षी गेली, म्हणजे भावोजींचं आजचं वय. यांना कोणी अपयशी म्हणत नाही, कारण वर्षं मोजणं हे त्यांचं काम नव्हतंच. 'मिंग' आणि 'शिंग' असे दोन शब्द आहेत, आयुष्य आणि स्वभाव, दोन्ही सोबत घडवायचे, आणि या पंथात वजन स्वभावाकडे.

दोन. त्या सातांतलाच च्यु छूजी. चंगीझ खानाने त्याला बोलावणं धाडलं, हा सत्तरी ओलांडलेला म्हातारा चीनमधून निघाला आणि १२२२ मधे आजच्या अफगाणिस्तानात, हिंदुकुशाजवळ, खानाच्या तंबूत पोचला. खानाने पहिलाच प्रश्न टाकला, अमर व्हायचं कुठलं औषध आणलंस? अर्धं जग जिंकलेला माणूस समोर, आणि याने सांगितलं, जीव राखायचे मार्ग आहेत, अमर करणारं औषध नाही. खान चिडला नाही, उलट खूश झाला की हा खरं बोलतो. पुढे दोघंही १२२७ मधे, एकाच वर्षी गेले.

आता जे च्यु छूजीकडे चंगीझ खानासाठी नव्हतं ते हरमलच्या गुरुजींच्या बाटलीत कुठून येणार, असं विचार हळूच.

पणजी_जुनें:

उशिरा आलो, एकच भर घालतो. मातेओ रिची, चीनमधे गेलेला तो प्रसिद्ध जेझुइट (ख्रिस्ती पाद्री), आधी आपल्या गोव्यातच होता, १५७८ मधे आला आणि १५८२ मधे इथून मकावला गेला. त्याने चीनबद्दल लिहून ठेवलंय की तिथल्या सुशिक्षित लोकांनाही दोन वेडं आहेत, एक पाऱ्याची चांदी करायचं आणि दुसरं न मरायचं. आणि मजा म्हणजे लोक याच्याकडे धर्म ऐकायला कमी आणि याला पाऱ्याची चांदी करता येते अशी अफवा होती म्हणून जास्त यायचे. तो नाही नाही म्हणायचा तेवढी त्यांची खात्री वाढायची. उलट्या बाजूने आपल्याकडे चीनची मुळी आली, चोपचिनी. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मधे गोव्यात छापलेल्या पुस्तकात तिच्यावर अख्खा संवाद लिहिलाय, गरमीच्या रोगावर तेव्हा ती रामबाण मानत. म्हणजे पूर्वेकडून पुडी येणार आणि आपण ती विश्वासाने घेणार, याला गोव्यात साडेचारशे वर्षं झाली.

म्हापशेकार:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, मार्च एंडिंग.

तुमचा खान कामाला आला. मी च्यु छूजीचं सांगितलं, भावोजी बराच वेळ गप्प. मग म्हणाले, हे गुरुजींनी नाही सांगितलं. मी म्हटलं सांगतील कसे, बाटली खपली असती काय. तिथून उठलो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच ताईला म्हणाले चल दाखवून येऊ.

लघवीत पारा वर आला. डॉक्टर म्हणाले वेळेवर आणलंत, किडनी ठीक आहे, भुकटी बंद, पाणी भरपूर, दीड महिन्याने परत तपासणी, आत्ता दुसरं औषध नको. गुरुजींना मेसेज केला तर दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. पुढच्या सीझनला खोली दुसऱ्याला द्यायची असं ताईने जाहीर केलंय. फोंडा_फार्मसी, उरलेली बाटली कुठे टाकू? ताई विहिरीमागे पुरायचं म्हणत होती, मी थांबवलंय.

फोंडा_फार्मसी:

विहिरीमागे?? नाही! पुरू नका, आणि पानं जाळतात त्या कचऱ्यात तर अजिबात टाकू नका, तापली की पाऱ्याची वाफ होते, ती खाण्यापेक्षा वाईट. झाकण घट्ट, वर टेप, प्लास्टिकच्या डब्यात घालून वर 'विष' लिही आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेव. पंचायतीत घातक कचरा कधी घेतात ते विचार, तोवर तसंच राहू दे.

म्हापशेकार:

ओके. करतो.

आणि हो मानशेकार, भावोजी अजून बसतात, पहाटे चारच्या जागी साडेपाचला. लाळ पहिल्याएवढी सुटत नाही म्हणाले, हिरड्याही बऱ्या. तुमची मानशीच्या दाराची गोष्ट त्यांना वाचून दाखवली तर म्हणाले त्या माणसाचा नंबर घे. मी म्हटलं ते दिवाडीला असतात, फेरीबोटीतून जावं लागेल. तर म्हणे शुक्रवारी म्हापसा बाजार करून जाऊ, आणि रात्रीचं नुस्तें येताना घेऊन येऊ.